अ.पा.क. शेरा

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या ज्या सव्वादोन एकर जमिनीवर माझे बालपण पोसले गेले, तिच्या सातबाराच्या उताऱ्यावर माझ्या नावाशेजारी कित्येक वर्षे 'अ.पा.क.' अशी तीन अक्षरे होती आणि त्या अक्षरांपुढे माझ्या आईचे नाव होते. महसुली दप्तराशी ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की, ही अक्षरे म्हणजे 'अज्ञान पालन कर्ता' या शब्दांचा संक्षेप होय. खातेदार मृत्यू पावला आणि त्याचा वारस अठरा वर्षांच्या आतील असला, म्हणजे वारसाबरोबर त्याच्या पालकाचे नाव अशा रीतीने दप्तरी दाखल होते. वडील वारले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, त्यामुळे त्या नोंदीत त्या वेळी वावगे असे काही नव्हते. परंतु कायद्याने ज्या दिवशी मी सज्ञान झालो त्या दिवशी ती अक्षरे आपोआप पुसली गेली नाहीत. ती पुसण्यासाठी वयाच्या पुराव्यानिशी तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो, तलाठी फेरफाराची नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात, आणि मगच उताऱ्यावरील शेरा कमी होतो. मी अर्ज केला नाही. म्हणून पदव्युत्तर परीक्षा होऊन, नोकरी लागून, लग्न होऊनही, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत सरकारदरबारी मी अज्ञानच राहिलो. असे उतारे महाराष्ट्रात इतके आहेत की हे शेरे कमी करण्यासाठी महसूल खात्याला मोहिमा काढाव्या लागतात.

सज्ञानतेचा कायदा आपल्याकडे १८७५ साली झाला आणि त्याने अठरा वर्षे ही मर्यादा घातली. मताचा अधिकार त्या वयापर्यंत उतरायला मात्र १९८८ ची एकसष्टावी घटनादुरुस्ती यावी लागली, कारण तोपर्यंत मतदाराचे वय एकवीस होते. आपल्या कायद्याच्या भाषेने वयात न आलेल्याला 'अज्ञान' आणि आलेल्याला 'सज्ञान' म्हटले, जणू ज्ञान हे वाढदिवसाच्या पहाटे दाराशी येऊन उभे राहते. दप्तराला एखादी तारीख ठरवावीच लागते, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. परंतु प्रत्येक घराचेही एक न लिहिलेले दप्तर असते, त्यातही मुलाच्या नावापुढे ही तीन अक्षरे असतात, आणि तेथे नोंद धरायला तलाठी नसतो, नोटीस निघत नाही, मोहीमही येत नाही. त्या दप्तरातील शेरा कोण, केव्हा आणि कसा कमी करतो, हा प्रश्न मला आज महाराष्ट्रातील प्रत्येक आईबापांपुढे मांडावयाचा आहे. कारण अध्यापनाच्या प्रदीर्घ काळात मी जी तरुण मुले पाहिली, त्यांतील फार थोड्यांचा शेरा कमी झालेला होता.

त्या काळातील अकरा वर्षे मी महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. एका पावसाळ्यात रात्री साडेबाराच्या सुमारास माझा फोन वाजला आणि नांदेडहून एक माउली अत्यंत संकोचाने म्हणाली, "सर, एवढ्या रात्री त्रास देते. आमच्या मुलाला खूप ताप आहे, तेवढं बघता का?" तो मुलगा माझ्या बिऱ्हाडापासून चाळीस पावलांवर, त्याच इमारतीच्या तळमजल्यावर झोपला होता. मी गेलो, डॉक्टरांना बोलावले, पहाटे ताप उतरला. एकोणीस वर्षांचा तो मुलगा भित्रा नव्हता, आळशी नव्हता, आणि बुद्धीने तर माझ्या वर्गातील पहिल्या पाचांत होता. परंतु आपल्या दुखण्याची व्यवस्था आपण करावयाची असते, शेजारचे दार ठोठावयाचे असते, हा विचारच त्याच्या मनात उगवला नव्हता. त्याची वेदना आधी तीनशेहून अधिक मैलांचा प्रवास करून आईपर्यंत गेली आणि तेथून हुकूम होऊन चाळीस पावलांवर परत आली.

दुसरा एक मुलगा दुसऱ्या वर्षात दोनदा अनुत्तीर्ण झाल्यावर मला भेटावयास आला. ही शाखा आपल्याला कधीच नको होती, असे तो म्हणाला. मग प्रवेशाच्या वेळी ऑप्शन फॉर्ममध्ये हिला पहिला पसंतीक्रम कोणी दिला, असे मी विचारले. "फॉर्म बाबांनी आणि मामांनी भरला. लॉगिनचा पासवर्ड बाबांकडेच होता." हे सांगताना त्याच्या स्वरात राग नव्हता, हेच मला अधिक अस्वस्थ करून गेले. नापास झाल्याचे त्याला दुःख होते. पण शेजाऱ्याच्या शेतातील पीक बुडाल्यावर आपल्याला वाटावे, तसे ते दुःख होते. स्वतःच्या निर्णयाने बुडालेला माणूस पुन्हा उठण्यासाठी हात शोधतो. दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयात बुडालेल्याला, आपण पोहावयाचे आहे, हेही उमगत नाही.

डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे बालवाडीच्या वयाची मुले आणि त्यांचे आईबाप यांचे निरीक्षण करून संगोपनाचे जे तीन प्रकार सांगितले, ते आता सर्वत्र शिकवले जातात. एका घरी नुसता धाक असतो, कारण विचारण्याची मुभा नसते. दुसऱ्या घरी नुसते लाड असतात, शिस्तीची अपेक्षाच नसते. तिसऱ्या घरी नियम असतात, ते पाळावे लागतात, परंतु त्यांची कारणे मुलाला सांगितली जातात आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते. या तिसऱ्या घरातील मुले अधिक स्वावलंबी आणि आत्मविश्वासाची निघाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो मला मान्य आहे. परंतु मराठी मध्यमवर्गीय घरात हे प्रकार असे वेगवेगळे सापडत नाहीत. एकच बाप सकाळी लाडाचा आणि संध्याकाळी धाकाचा असतो, आणि लाड कशाचे व धाक कशाचा याची वाटणी आपल्याकडे ठरून गेली आहे. मुलाने मोबाईल मागितला, मोटारसायकल मागितली, सहलीचे पैसे मागितले, तर वडील स्वतःच्या गरजा आवरून ते देतात. तोच मुलगा विज्ञान सोडून इतिहास घेऊ का, असे विचारू लागला की घरातील चर्चा संपते. वस्तूंच्या बाबतीत अपार औदार्य आणि निर्णयाच्या बाबतीत पराकाष्ठेची कृपणता, ही आपल्या आजच्या संगोपनाची रीत होऊन बसली आहे. मुलाला सर्व काही मिळते आणि त्याच्या हाती काहीच नसते.

ही कृपणता दुष्टपणातून येत नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. लातूरला जाऊन पाहावे. दहावी झालेल्या मुलाबरोबर आई गावचे घर सोडून येते, शिकवणीच्या परिसरात एक खोली भाड्याने घेते, दोन वर्षे त्याच्यासाठी पहाटे चहा आणि रात्री उशिरा दूध करते, आणि वडील मागे एकटे राहून शेती किंवा नोकरी सांभाळत महिन्याला पैसे पाठवतात. या मातेच्या तपस्येपुढे कोणीही नम्र व्हावे. वैद्यकीय प्रवेशाच्या जागा थोड्या, इच्छुक अगणित, घरात मुले एक किंवा दोन, आणि आयुष्याची पुंजी त्या एका परीक्षेवर लावलेली. अशा स्थितीत मुलाची चूक घराला परवडत नाही, आणि चूक परवडत नाही म्हणून निर्णय त्याच्या हाती देता येत नाही. भीतीचे हे गणित मला समजते. मात्र त्यात एक रक्कम मांडावयाची राहून जाते. अठराव्या वर्षापर्यंत ज्याला एकही चूक करू दिली नाही, त्याची पहिली चूक अठराव्या वर्षानंतरच होणार, आणि ती तेव्हा सर्वांत महाग पडणार.

धोंडो केशव कर्वे यांच्या तरुणपणातील एक प्रसंग माझ्या मनात वारंवार येतो. १८७५ साली, म्हणजे योगायोगाने सज्ञानतेचा कायदा झाला त्याच वर्षी, सतरा वर्षांचे धोंडोपंत परीक्षेसाठी कोकणातील मुरुडहून साताऱ्याला पायी निघाले. पावसाचे दिवस, वाटेत कुंभार्ली घाट, अंतर शंभर मैलांहून अधिक, आणि सोबतीला कोणी वडीलधारा नव्हे तर बरोबरीचे मित्र. एवढी वाट तुडवून ते पोहोचले, तेव्हा हा लहान चणीचा मुलगा सतरा वर्षांचा आहे यावर परीक्षा समितीच्या अध्यक्षांचा विश्वास बसेना, आणि त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. कर्व्यांची जिद्द सर्वांनी गौरवली आहे. मी मात्र मुरुडच्या त्या घराचा विचार करतो, ज्या घराने त्या मुलाला जाऊ दिले. निरोप देताना त्या मातापित्यांच्या मनात काय असेल आणि विन्मुख परतलेल्या मुलाला पाहून काय झाले असेल! पुढे स्त्रीशिक्षणासाठी वर्षानुवर्षे दारोदार वर्गणी मागत हिंडणाऱ्या माणसाला, नकार पचवून पुन्हा चालू लागण्याचा अभ्यास सतराव्या वर्षी घडला होता. त्या काळची मुले काटक आणि आजची नाजूक, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. वार लावून जेवणाऱ्या कित्येक मुलांच्या वाट्याला तेव्हा अपमान आणि उपासमार आली, आणि जी त्यात मोडली त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. गरिबीने लादलेले स्वावलंबन हा आदर्श होऊ शकत नाही. ज्या घरात पुरेसे अन्न आहे, माया आहे, त्या घराने तो विश्वास जाणूनबुजून द्यावा, एवढेच माझे मागणे आहे.

येथे काही वाचक म्हणतील की स्वातंत्र्याची ही कल्पना पाश्चात्त्यांची आहे, अठराव्या वर्षी मूल घराबाहेर काढण्याची ती रीत आपल्या कुटुंबसंस्थेला मानवणार नाही. या आक्षेपाला तुर्कस्तानातील मानसशास्त्रज्ञ चिदेम काइत्चिबाशी यांनी जे उत्तर दिले, ते मला फार मोलाचे वाटते. खेड्यातून शहरात आलेल्या कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांना असे दिसले की, म्हातारपणी मुलाच्या कमाईवर विसंबण्याची आईबापांची गरज कमी झाली तरी मनाचे धागे तुटले नाहीत; आणि त्यावरून त्यांनी असे प्रतिपादन केले की स्वायत्तता आणि आपलेपणा या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, एकाच माणसात दोन्ही पूर्णत्वाने नांदू शकतात. यासाठी मराठी माणसाला तुर्कस्तानात जाण्याचीही गरज नाही. टेंभूच्या गरीब घरातून आलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी पुण्याहून आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी धरील या तिच्या आशेची त्यांना पूर्ण जाणीव होती, आणि उदरनिर्वाहापुरते मिळवून उरलेले आयुष्य लोकांच्या कामी लावण्याचा आपला निश्चय त्यांनी तिला स्वतःहून कळवला. त्या पत्रात परवानगीची याचना नाही आणि नाते झुगारण्याचा आवेशही नाही. ज्याला आईची पर्वा नसती त्याने पत्र लिहिले नसते, आणि जो स्वतंत्र नसता त्याने तसले पत्र लिहिले नसते.

हे सर्व मुलग्यांविषयी झाले. मुलींच्या बाबतीत घरच्या दप्तरातील शेरा कमी होत नाही, फक्त त्यापुढील नाव बदलते: बापाचे जाते, नवऱ्याचे येते. आमच्या महाविद्यालयात मुलांच्या वसतिगृहाचे दार रात्री दहाला आणि मुलींच्या वसतिगृहाचे सायंकाळी सातला बंद होई. ग्रंथालय नऊपर्यंत उघडे असे, म्हणजे रोजचे दोन तास मुली केवळ मुली म्हणून अभ्यासाला मुकत. मी त्या वेळी यावर हवे तितके बोललो नाही, याची खंत मला आजही आहे. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. देशाने तो २००५ मध्ये दिला, म्हणजे आपण अकरा वर्षे पुढे होतो. आणि तरीही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत उभे राहून पाहावे: शिकलेल्या, कमावत्या, चाळिशीच्या स्त्रिया भावांच्या नावे हक्कसोडपत्रावर सही करून निघून जातात. काहींनी ते मनापासून, विचार करून केलेले असते आणि त्यांच्या त्यागाचा मी आदर करतो. परंतु पुष्कळजणींना तो दस्त वाचूनही दाखवलेला नसतो. लहानपणापासून शाळेच्या सहलीच्या परवानगीपासून लग्नाच्या होकारापर्यंत जिथे बोट दाखवले तिथे सही करण्याचा संस्कार झालेला असतो. त्या कचेरीत केवळ त्याची शेवटची नक्कल निघते. मुलीला कायद्याने हक्क दिला, पण 'नाही' म्हणण्याचा सराव घराने दिला नाही, तर तो हक्क कागदावरून कागदावरच जाणार.

आर्थिक बाजू मी विसरलेलो नाही. राज्यसेवेच्या परीक्षांना खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा ३८ वर्षे आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत तिशी उलटलेले तरुण गावाहून वडिलांनी पाठवलेल्या पैशांवर दिवस काढतात आणि दर महिन्याला पैसे मागताना मनातल्या मनात खचतात. त्यांच्या परावलंबनाचा दोष संगोपनावर ढकलणे अन्यायाचे होईल. पुरेशा नोकऱ्या निर्माण करणे हे आईबापांचे काम नव्हे. तथापि, ही वाट आता सोडावी, दुसरी धरावी, असे ठरवण्याचे बळ त्यांतील ज्यांच्यात मला दिसले, ते बहुधा असे होते की ज्यांना घरात लहानपणी कोणीतरी विचारले होते: तुला काय वाटते?

म्हणून ही नोंद अठराव्या वर्षी एका दिवसात धरता येत नाही. ती फार आधीपासून, लहान लहान फेरफारांनी धरावी लागते. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत जी बालशिक्षणाची चळवळ उभी केली आणि १९४५ पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला जी खेड्यापाड्यांतील आणि आदिवासी मुलांपर्यंत नेली, तिच्यात तीन-चार वर्षांचे मूल स्वतःच्या हाताने भांड्यातून भांड्यात पाणी ओतते. पाणी सांडते. तेव्हा शिक्षिकेने भांडे हातातून घ्यावयाचे नसते. फडके कोठे आहे ते दाखवायचे असते. तीन वर्षांच्या मुलाविषयी हे आपल्याला पाऊणशे वर्षांपूर्वी उमगले होते. मग दहा वर्षांच्या मुलाविषयी का उमगू नये? रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवण्याची मुभा बँकांमार्फत दिली. किती घरांनी ती वापरली? बाराव्या वर्षी मुलीने महिन्याच्या किराण्याची यादी करून वाण्याकडून तो आणावा आणि हिशेब चुकला तर पुढच्या महिन्यात तो स्वतःच भरून काढावा; चौदाव्या वर्षी मुलाने आजीला दवाखान्यात नेऊन डॉक्टर काय म्हणाले ते घरी येऊन सांगावे; सोळाव्या वर्षी कोणता विषय घ्यावयाचा याची कारणे त्याने मांडावीत आणि आईबापांनी आपली मांडावीत, आणि त्यानंतर फॉर्म त्याने भरावा. आईबापांनी मत देऊ नये असे मी म्हणत नाही. मत अवश्य द्यावे, कळकळीने द्यावे. पासवर्ड मात्र त्याच्याकडे असावा.

मी तेरा वर्षांचा असताना आईने मला विविध कार्यकारी सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरण्यासाठी एकट्याला शेजारच्या गावी पाठवले. एकशे चाळीस रुपये धोतराच्या चिंधीत बांधून कमरेला दिले होते. वाटेत ओढ्यावर मी पाणी प्यायलो, गाठ सैल झाली असावी. सोसायटीत पोहोचलो तेव्हा वीस रुपये कमी होते. १९७३ साली आमच्या घरी वीस रुपये म्हणजे काय होते, हे आज सांगून कळणार नाही. त्या वर्षी दुष्काळ होता आणि आई रोजगार हमीच्या खडीवर जात होती. मी रडत घरी आलो. तिने मला मारले नाही, आणि जवळही घेतले नाही. बराच वेळ ती चुलीपुढे गप्प बसून राहिली. मग म्हणाली, "उद्या पुन्हा जा. सेक्रेटरींना सांग, वीस कमी पडले, माझ्या हातून पडले, सुगीला देतो. तुझ्या तोंडानं सांग." मी म्हणालो, "तू चल की बरोबर." ती म्हणाली, "मी आले तर ते मला विचारतील. पैसे तुझ्याकडं होते."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. काय बोललो ते आता स्मरत नाही; सेक्रेटरींनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि वहीत काहीतरी लिहिले, एवढे स्मरते. सुगीला ते वीस रुपये मीच नेऊन भरले.

पुढे विहिरीच्या कर्जासाठी उतारा लागला, तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी मी तलाठ्याकडे शाळा सोडल्याचा दाखला जोडून अर्ज दिला. महिन्याभराने नवा उतारा हाती आला. माझे नाव त्यावर एकटेच होते, शेजारी काही नव्हते. ते वाचताना मला विचित्र पोरके वाटले आणि गावात शिरेपर्यंत तो कागद मी दोनदा उघडून पाहिला. घरी आलो तेव्हा आई अंगणात शेंगा फोडत होती. मी उतारा तिच्यापुढे धरला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, तरी ती त्या कागदाकडे पाहत राहिली, आणि आपले नाव पूर्वी जिथे असे त्या जागेवरून तिने एकदा बोट फिरवले.

"पैसे किती पडले?" तिने विचारले.

मी सांगितले.

"पावती घेतलीस ना?" ती म्हणाली, आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.